जाळी लावूनही माशी आत कशी? अंबड तालुक्यातल्या एका रेशीम शेडचं प्रकरण

वहिनींनी चंद्रिकेतून (अळ्या कोष विणतात ती चौकट) एक कोष ओढून काढला आणि अंगठ्यानं फिरवून माझ्यापुढं धरला. पांढराशुभ्र, टणक कोष, पण एका टोकाला बाजरीच्या दाण्यापेक्षा जरासं मोठं गोल भोक. त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला. तिसऱ्यालाही तसंच. "भाऊ, राग मानू नका, पण हे तुमच्या चॉकीतूनच आलंय," असं त्या सरळ म्हणाल्या. दादा मागं उभे होते, ते काहीच बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला जास्त लागलं.

ही सप्टेंबर २०२२ ची गोष्ट. माझं चॉकी सेंटर आहे. अंडीपुंजातून (एका मादी पतंगाच्या अंड्यांचा पुंजका) अळ्या बाहेर काढायच्या, दुसऱ्या मोल्टपर्यंत, म्हणजे दुसऱ्यांदा कात टाकेपर्यंत, सांभाळायच्या आणि मग शेतकऱ्यांच्या हवाली करायच्या, हा माझा धंदा. या लहान अळ्या म्हणजेच चॉकी. अंबड तालुक्यातल्या या गावात तेव्हा माझ्याकडून चॉकी घेणारे सात शेड होते, सगळे एकमेकांपासून एका किलोमीटरच्या आत. दादा-वहिनी त्यातले सगळ्यात जुने. दोनशे अंडीपुंजांच्या बॅचला एकशेचाळीस किलोच्या आसपास कोष काढणारं घर. त्या खेपेला चांगला माल निघाला अठ्ठ्याण्णव किलो. एकवीस किलो भोकाचा आणि डागी. बाकीच्या अळ्या कोष करायच्या आधीच मेल्या होत्या.

रेशीम न करणाऱ्यांसाठी एवढं सांगतो, की भोकाच्या कोषाला किंमत का नसते. एका दुबार (बायव्होल्टाइन) जातीच्या कोषात हजार मीटरच्या आसपास एकसलग धागा असतो आणि धागाकाम करणारा तो टोक धरून उलगडत जातो. भोक पडलं की तो धागा शेकडो ठिकाणी तुटलेला असतो. उलगडायला काही उरत नाही. जालन्याच्या बाजारात (२०१८ पासून आपला माल तिथं विकता येतो, त्याआधी कर्नाटकातल्या रामनगरमची वाट धरावी लागायची) असा कोष लॉटमध्ये दिसला की व्यापारी त्याचा नाही, सगळ्या लॉटचा भाव पाडतो.

भोक पाडणारी होती उझी माशी, याबद्दल वाद नव्हता. ती घरमाशीपेक्षा थोराड, काळपट राखाडी, पाठीवर चार काळ्या उभ्या रेघा. वाद होता तो ती आली कुठून याचा. दादांनी सगळ्या खिडक्यांना नायलॉनची जाळी लावलेली होती. मी स्वतः हात फिरवून पाहिली, कुठं फाटलेली नव्हती. मग बाहेरून माशी येणार कशी? म्हणून बोट माझ्याकडं.

मला राग आला नाही, कारण प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर तारखांमध्ये होतं, आणि वहिनी तारखा नीट लिहून ठेवतात. शेडच्या दाराआड खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर आहे, त्यावर चॉकी आली, मोल्ट बसला, मोल्ट उठला, चंद्रिका टाकल्या, सगळं पेन्सिलीनं. ते खाली उतरवून आम्ही तिघं बाजेवर बसलो.

माशी अळीच्या अंगावर अंडं घालते, एखाद-दोन. टाचणीच्या डोक्याएवढं, दुधाळ पांढरं. दोन-तीन दिवसांत ते फुटतं आणि त्यातला मॅगट, म्हणजे माशीची अळी, रेशीमअळीच्या कातडीतून आत शिरतो. पाच ते सात दिवस आत राहून खातो आणि मग बाहेर पडतो. म्हणजे अंडं घातल्यापासून मॅगट बाहेर येईपर्यंत आठ-दहा दिवस. आता चॉकीत, माझ्याकडं, अंडं पडलं असतं तर काय झालं असतं? चॉकी दिल्यावर आठवडाभरात, म्हणजे चौथ्या अवस्थेतच (अळी चारदा कात टाकते, म्हणून तिच्या पाच अवस्था) अळ्या मरून पडल्या असत्या. त्यातली एकही कोषापर्यंत पोचली नसती. कोषाला भोक पडतं ते पाचव्या अवस्थेत अंडं पडलेल्या अळीच्या. तिला कोष विणण्याइतका वेळ मिळतो, आणि मॅगट विणलेला कोष फोडून निघतो.

वहिनींनी मान डोलावली, पण पुढचा प्रश्न लगेच विचारला, "मग आमच्या इथं पहिली माशी कधी होती?"

कॅलेंडर सांगत होतं: चॉकी आली २४ ऑगस्टला. चौथी अवस्था २९ ऑगस्टला सुरू झाली. पाचवी ३ सप्टेंबरला. ७ सप्टेंबरला वहिनींनी पहिल्या मेलेल्या अळ्या उचलल्या होत्या, पोटाशी काळा डाग आणि शेजारी फांदीवर वळवळणारा पिवळट मॅगट. सातमधून नऊ दिवस मागं गेलो तर २९ ऑगस्ट. म्हणजे चौथी अवस्था सुरू झाली त्या दिवशी शेडमध्ये अंडं घालायला तयार माश्या होत्या. बाहेर पडलेल्या मॅगटचा टणक कवचाचा प्युपा होतो आणि तो दहा-बारा दिवसांनी फुटून माशी निघते. २९ ऑगस्टमधून तेवढे दिवस वजा केले की १७ ते १९ ऑगस्ट येतो.

दादा तेव्हा पहिल्यांदा बोलले. "एकोणीसला आम्ही मागच्या बॅचचे कोष काढले."

खिडकीतून कुणी आलंच नव्हतं. माशी मागच्या बॅचपासून शेडमध्येच राहिली होती.

त्या दिवशी निघण्याआधी मी वहिनींना एक गोष्ट भिंगातून दाखवली. रॅकवर मागं राहिलेली एक अळी होती, कोष न केलेली, कुशीवर काळा डाग. डाग म्हणजे जळल्यासारखं वर्तुळ असतं, आणि नीट पाहिलं तर त्याच्या मधोमध सुईच्या अग्राएवढं छिद्र. मॅगट आत डोकं खाली करून खात असतो आणि शेपटीकडची श्वासाची भोकं या छिद्राला चिकटवून ठेवतो. बाहेरच्या हवेवर जगतो. अळीचं शरीर त्याला आवळून मारायला त्याच्याभोवती काळा पडदा विणतं, आणि तोच पडदा त्याला श्वास घ्यायची नळी होऊन बसतो. वहिनी बराच वेळ भिंगाला डोळा लावून होत्या. मग म्हणाल्या, "बिचारी आपल्याच अंगानं त्याला जगवते की."

दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, आम्ही जमीन उकरायला बसलो. शेड पन्नास फूट बाय बावीस. मधल्या वाटेला फरशी, पण रॅकखाली आणि भिंतींच्या कडेनं माती. बाहेर पडलेला मॅगट उजेड टाळतो. तो सरपटत अंधार शोधतो, भेग शोधतो, भुसभुशीत माती मिळाली तर इंच-दोन इंच खाली उतरतो आणि एका रात्रीत तपकिरी प्युपा होऊन पडतो. खुरपी, चाळणी आणि टॉर्च घेऊन आम्ही उत्तरेकडची कड चाळली. भिंतीलगत हातभर लांबीच्या पट्टीत त्रेसष्ट प्युपे निघाले. गोण्यांच्या थप्पीखाली तर ओंजळीनं गोळा करता आले. मुंग्या चढू नयेत म्हणून रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या असतात, त्या वाट्यांच्या बुडाशीही होते. मधल्या फरशीवर मात्र एकही नाही, फक्त एका फुटलेल्या सांध्यात पाच.

मग ध्यानात आलं की जाळीनं काय केलं होतं. मागच्या बॅचच्या मॅगटांतून मातीत प्युपे झाले. नव्या चॉकीच्या पहिल्या आठवड्यात ते फुटले. निघालेल्या माश्यांना बाहेर जायला वाट नव्हती, कारण जाळी पक्की होती. आत कोंडलेल्या माश्या आणि समोर दोनशे अंडीपुंजांच्या अळ्या. जाळी हवीच, तिच्याशिवाय शेड करू नये असंच मी आजही सांगतो. पण मातीची कड तशीच ठेवून नुसती जाळी लावली तर ती माशीलाच आत राखते.

निर्जंतुकीकरण केलं नव्हतं का? केलं होतं. ब्लीचिंग पावडरचं पाणी छताला, भिंतींना, रॅकला, जमिनीला, सगळं वेळेवर. पण ते काम रोगजंतूंचं. मातीत खाली टणक कवचात बसलेल्या प्युपाला त्याचं काय! आणि कीटकनाशक मारायचा तर प्रश्नच नाही. रेशीमअळी हीसुद्धा कीटकच. शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली आणि वाऱ्यानं तुतीच्या पाल्यावर आली तरी बॅच लोळते. इतर पिकांत माणूस किडीला मारून पीक वाचवतो, इथं पीकच किडीच्या जातीचं आहे. म्हणून उझीचा बंदोबस्त हत्यारानं कमी आणि शिस्तीनं जास्त होतो.

मी उकरलेल्यातले चाळीस प्युपे काचेच्या बरणीत घातले, तोंडाला मलमलीचं कापड बांधलं आणि बरणी दादांच्या कोनाड्यात ठेवली. पाचव्या दिवशी पहिली माशी निघाली, दहाव्या दिवसापर्यंत एकतीस झाल्या. मुद्दाम ठेवली होती मी ती बरणी. तारखांचं गणित कागदावर पटतं, पण डोळ्यांसमोर माशी फडफडली की घरातलं लहान पोरही कोपरे झाडायला लागतं.

पुढची बॅच दादांनी सोडली. महिन्याचं उत्पन्न बुडणं सोपं नसतं, तेही दिवाळीच्या तोंडावर. त्या महिन्यात त्यांनी भिंतींच्या कडेचा दीड फुटाचा पट्टा चारी बाजूंनी कोबा करून घेतला. सगळ्या शेडला फरशी करायला पैसा नव्हता, आणि चाळताना दिसलं होतंच की मॅगट कडेला जातो. फरशीचे सांधे सिमेंटनं भरले. रॅकखालची माती धुमसाने ठोकून वर शेणकाला केला. दाराबाहेर पाच फुटांची आडखोली काढली, तिला दुसरं दार, दोन्ही दारं कधीच एका वेळी उघडायची नाहीत. फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईला हे जिकिरीचं होतं, वहिनींनीच ते सांगितलं, म्हणून आडखोलीत भारा टेकायला कट्टा बांधला. तो कट्टा नसता तर दार उघडंच राहिलं असतं, याची मला खात्री आहे.

उझीट्रॅपच्या गोळ्या आणल्या. केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेनं म्हैसूरला काढलेली ही गोळी, लिटरभर पाण्यात एक विरघळवायची आणि पांढऱ्या ट्रेमध्ये खिडकीखाली आत-बाहेर ठेवायची. माशी त्याकडं ओढली जाते आणि बुडते. तिसऱ्या अवस्थेपासून ठेवायची आणि कोष काढल्यावरही वीसेक दिवस उचलायची नाही. हे शेवटचंच लोक चुकवतात. कोष विकले की ट्रेवर धूळ बसते, आणि माश्या निघायला लागतात त्या नेमक्या तेव्हा.

आणि नेसोलिंक्स. नेसोलिंक्स थायमस ही मुंगीपेक्षा बारीक गांधीलमाशीची जात, डंख नाही, काही नाही. ती जमिनीवर फिरून उझीचा प्युपा हुडकते, कवचाला भोक पाडून आत अंडी घालते. घरमाशीच्या प्युप्यांवर वाढवलेली ती पिशवीत मिळते, शंभर अंडीपुंजांमागं दोन पिशव्या. पाचव्या अवस्थेत पिशव्या रॅकजवळ टांगायच्या, चंद्रिका टाकल्या की चंद्रिकांपाशी हलवायच्या, कोष काढले की उकिरड्याच्या खड्ड्यापाशी नेऊन ठेवायच्या. पिशवी माशीच्या मागं मागं फिरते. मी याचीही बरणी केली. उझीचे प्युपे घातले, नेसोलिंक्स सोडल्या. दोन आठवड्यांनी त्या बरणीत एकही माशी निघाली नाही. एकेका प्युपातून चाळीस-पन्नास काळे ठिपके बाहेर आले आणि काचेवर चढायला लागले. दादा त्या दिवशी हसले. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच.

इथं एक गोष्ट सांगावीशी वाटते. उझी ज्या टॅकिनिड कुळातली आहे, त्याच कुळातल्या माश्या शेजारच्या तुरीत घाटे अळीच्या अंगावर अंडी घालून शेतकऱ्याचं काम करत असतात. अंगावर अंडं, आत मॅगट, बाहेर प्युपा, अगदी हेच. तुरीत आपण तिला मित्र म्हणतो. म्हणून "सगळ्या माश्या मारा" असं मी कधी सांगत नाही. शेडबाहेर बांधावर औषध मारून उझी हटवायला निघालेले लोक मी पाहिलेत, त्यात उझी राहते आणि नेसोलिंक्ससकट बाकीचं सगळं मरतं.

ऑक्टोबरच्या शेवटी दादांची बॅच पुन्हा आली. पाचशे कोष मोजले. सप्टेंबरच्या बॅचचे पाचशे मोजले होते तेव्हा त्र्याऐंशी भोकाचे होते. आता सव्वीस. वहिनी खूश होत्या. मी नव्हतो. जमीन चाळली तर निघाले जेमतेम चार प्युपे, एवढ्यावरून सव्वीस होत नाहीत. म्हणजे आता माशी खरोखर बाहेरून येत होती, दारातून, माणसांच्या मागून, फांद्यांबरोबर. बाहेर एवढी माशी कशी? तर बाकीच्या सहा शेडमध्ये.

आणि इथं या प्रकरणातला माझा वाटा सुरू होतो. मी रात्री माझी वही काढली आणि सात शेडना चॉकी दिलेल्या तारखा एकाखाली एक मांडल्या. ऑगस्टपासून दर पाच-सहा दिवसांनी कुणाला ना कुणाला चॉकी. माझं सेंटर लहान, म्हणून मी अंडीपुंज आठवड्या-आठवड्यानं उबवत होतो, ज्याचा पाला तयार त्याला देत होतो. सगळ्यांची सोय म्हणून केलेलं. पण त्याचा अर्थ असा, की त्या एका किलोमीटरच्या टापूत असा एकही दिवस नव्हता, जेव्हा कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये पाचव्या अवस्थेच्या अळ्या नव्हत्या. माशीला उपाशी राहायची वेळच येत नव्हती. एका शेडमधून उठायचं, दुसऱ्यात बसायचं. चॉकीतून माशी आली नव्हती हे खरं, पण चॉकीच्या तारखांनी तिला पोसलं होतं. वहिनींच्या बोटाची दिशा पुरती चुकली नव्हती, हे मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना सांगितलं.

उझीचा प्रवास माणसाच्या वाहतुकीवरच झालेला आहे. पूर्वी ती बंगालकडं होती. १९८० मध्ये तिकडून आलेल्या कोषांबरोबर ती कर्नाटकात उतरली आणि तिथून सगळ्या दक्षिणेत पसरली. 'उझी' हा शब्दही बाहेरचाच, जपानी भाषेत 'उजी' म्हणजे मॅगट. आपल्याकडं ती पोत्यांत, टेम्पोत, चंद्रिका उसन्या देण्याघेण्यात फिरते. गावातल्या चंद्रिका त्या वर्षी चार घरांत फिरल्या होत्या.

मारुतीच्या पारावर सातही घरं बसली. मी सगळ्यांना एकाच आठवड्यात चॉकी द्यायची म्हटल्यावर लगेच विरोध झाला, आणि तो बरोबर होता. कोष काढणीला बाया कुठून आणायच्या, सगळ्यांची एकाच दिवशी? कुणाची तुती विहिरीवर, कुणाची शेततळ्यावर, पाला एकदम तयार कसा होणार? शेवटी दोन गट केले, तीन आणि चार, आणि दोन्ही गटांची चॉकी दहा दिवसांच्या आत. चंद्रिका उसन्या द्यायच्या नाहीत. बेडचा कचरा उघड्या उकिरड्यावर टाकायचा नाही, खड्ड्यात घालून वर वीतभर माती दाबायची.

खरी ओढाताण झाली ती उन्हाळ्यावरून. पाण्याअभावी चार शेड मे महिन्यात तशीही बंद असतात. शेततळं असलेले तिघं मात्र बॅच काढत. उन्हाळ्यात माशी थोडी असते, पण जी असते ती या तीन शेडमध्ये तग धरते आणि पाऊस पडला की सगळीकडं जाते. मी म्हटलं, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सातही शेड रिकामी राहू द्या. दोघं तयार झाले. तिसऱ्यानं नाही म्हटलं. पोरीच्या लग्नाचे हप्ते होते त्याच्या डोक्यावर. त्याला कुणी बोल लावला नाही. बाकीच्या सहांनी वर्गणी काढून त्याच्या शेडला नेसोलिंक्सच्या दुप्पट पिशव्या दिल्या. हा सल्ला माझा नव्हता, वहिनींचा.

२०२३ च्या पावसाळ्यात भोकाचे कोष पाचशेमागं सहा-सातवर आले. पण त्या वर्षीचा ऑगस्ट कोरडा ठाक गेला, माशीला तशीही ओल हवी असते, म्हणून मी ते आकडे आमच्या खाती धरले नाहीत. २०२४ ला सप्टेंबरच्या पहिल्याच दोन दिवसांत मराठवाड्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, शेडच्या भिंतींना ओल आली, माशीला हवं तसं सगळं. त्या बॅचला दादांकडं पाचशेमागं अकरा निघाले. कोबा, आडखोली, गोळ्या, नेसोलिंक्स, तारखा, यातल्या कशानं किती काम केलं हे वेगळं काढता येणार नाही, कारण सगळं एकत्रच केलं. मला विचाराल तर पैसे थोडे असतील त्यानं आधी कडेचा कोबा करावा आणि शेजाऱ्याच्या तारखा विचाराव्यात. गोळ्या-पिशव्या त्याच्यानंतर.

वहिनींच्या कॅलेंडरवर आता एक जास्तीची नोंद असते. कोष काढल्याच्या तारखेपुढं दहा घरं मोजून त्या 'माशी' असं लिहितात. त्या दिवशी सकाळी शेड रिकामं असलं तरी त्या ट्रेमधलं पाणी बदलतात आणि केरसुणी घेऊन कोपऱ्यांत बसतात.

मेमध्ये बॅच न थांबवणाऱ्याच्या शेडची कड अजून मातीचीच आहे. लग्न पार पडलं, हप्ते चालू आहेत. सिमेंटच्या गोण्या दादांनी देऊ केल्यात, वाळू माझ्याकडं पडून आहे, गवंडी तेवढा पुढच्या चॉकीच्या आधी मिळायला हवा. चॉकीची तारीख मी त्यासाठी चार दिवस पुढं ढकलली आहे, आणि त्याच्याबरोबर त्याच्या गटातल्या बाकी घरांचीही.